माढ्याचे दोन पत्ते

मित्रांनो, मला पानं नाहीत, पुठ्ठा नाही, शिवणही नाही, तरी मी वही आहे. बरीच जुनी आहे आणि थोडी आगाऊही आहे. सोलापुरात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत ईरप्पांचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्या दुकानातल्या संगणकात, ईमेल पाठवण्याच्या प्रोग्रामच्या आत, मी राहते. मी पत्त्यांची वही. कुणाला मेल पाठवायचा त्या रकान्यात तुम्ही दोन अक्षरं लिहिता आणि लगेच खाली नावं दिसू लागतात ना, ती नावं मी पुढे करते. तुम्ही म्हणता, संगणक किती हुशार आहे. राबायचं मी आणि कौतुक त्याचं, असं आमच्याकडे चालतं.

तुमच्या वर्गात एखादा मुलगा असा असेलच. बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत तो हात वर करतो आणि उत्तर सांगून मोकळा होतो. कधी ते बरोबर येतं, कधी सगळा वर्ग हसतो. माझा स्वभाव त्याच्यासारखाच आहे. 'शि' दिसला की मी शिवलीला, शिंदे वकील आणि शिवणक्लासच्या बाई अशा तिघांना ओळीनं उभं करते. तुमच्या मनात शिल्पा असेल तर ते मला कसं कळावं? मला तुमचं मन दिसत नाही. तुम्ही आधी कुणाला लिहिलंत, तेवढंच दिसतं.

माझा जन्म झाला तेव्हा मी अगदी कोरी होते. ईरप्पांनी दुकानाच्या नावानं मेलचा पत्ता काढला आणि पहिला मेल पुण्याच्या थोरल्या भावाला, सिद्धलिंगप्पांना, पाठवला. भावाचा पत्ता त्यांनी कागदावर बघून एकेक अक्षर करत लिहिला. ठिपका कुठे आणि ते @ चं वेटोळं कुठे, यात त्यांना घाम फुटला. मेल गेला आणि पत्ता माझ्या पोटात जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी ईरप्पांनी नुसतं 'सि' लिहिलं, तोच मी अख्खा पत्ता त्यांच्यासमोर ठेवला. ते खुर्चीतून अर्धे उठले.

"शांता, हितं ये की," त्यांनी बायकोला हाक मारली. "हे आपोआप लिवायलंय."

शांतम्मा आतून हात पुसत आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आपोआप कुटलं? तुमी काल लिवलं तेच दावायलंय."

माझं सगळं शास्त्र त्या एका वाक्यात आलं. तुम्ही ज्याला मेल पाठवता त्याचा पत्ता मी टिपून ठेवते. ज्याला वारंवार लिहिता, किंवा ज्याला नुकतंच लिहिलंय, त्याला वर बसवते. ज्याला विसरता तो खाली खाली सरकत जातो. मात्र तुम्ही स्वतः पुसल्याशिवाय मी कुणाला हाकलत नाही. वरच्या नावावर मी हलका रंग देते. तुम्ही ते एंटरचं मोठं बटण दाबलंत की ते नाव रकान्यात जाऊन बसतं. खालचं नाव हवं असेल तर बाणाचं बटण दाबून खाली उतरावं लागतं. एवढं एक पाऊल खाली उतरायचा लोकांना कंटाळा का येतो, हे मला अजून कळलेलं नाही.

ईरप्पांचं दुकान म्हणजे नुसतं झेरॉक्सचं दुकान नव्हतं. ज्यांच्याकडे संगणक नव्हता, ज्यांना मेल जमत नव्हता, ते सगळे तिथे येत. "ईरप्पा, जरा एक मेल टाका की," असं म्हणून बाकावर बसत. पत्ता दुकानाचा, मेल गावाचा. कुणाच्या पीकविम्याची तक्रार, कुणाच्या परीक्षेचा अर्ज, कुणाच्या नातवाचा फोटो, सगळं त्या एकाच पत्त्यावरून जायचं. त्यामुळे एकमेकांना कधी न भेटलेली माणसं माझ्या पोटात शेजारी शेजारी नांदू लागली.

आणि ईरप्पांची एक पद्धत होती. ते कुणालाही नुसत्या नावानं ओळखत नसत. गिऱ्हाईक आलं की त्यांचा पहिला प्रश्न, "गाव कुटलं?" नाव सारखं असतं, आडनावं तर एका गावात पन्नास घरांची एकच असतात, गाव सांगितलं की माणूस सापडतो, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा माझ्या पोटातली नावंही त्यांनी तशीच घातली. 'अक्कलकोट मावशी', 'करमाळा केळी', 'बार्शी वकील'. बाहेरच्या माणसाला हसू येईल. पण आमच्या दुकानात येणाऱ्या कुणालाही विचारा, तो म्हणेल, बरोबर आहे की, अशीच तर ओळख सांगतात.

अक्कलकोटच्या बसव्वा एकदा रडकुंडीला येऊन दुकानात आल्या होत्या. लेक बेंगळुरूला, तिचा फोन बंद, आणि मेलचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी घरी राहिलेली. ईरप्पांनी 'अक्क' लिहिलं आणि मी खालून 'अक्कलकोट लेक' वर काढून दिली. तासाभरात लेकीचं उत्तर आलं, फोन पाण्यात पडला होता एवढंच. बसव्वांनी पदराचं टोक पडद्याला लावून मला ओवाळल्यासारखं केलं. ईरप्पा पुढे कितीतरी दिवस गिऱ्हाइकांना सांगत, "गाव सांगा निस्तं. पत्ता हिच्या पोटात हाय." खोटं कशाला सांगू, ते ऐकताना मी फार सुखावत असे.

आता तुम्हाला त्या दिवसाची गोष्ट सांगते. ती सांगण्यासाठीच हा सगळा प्रपंच.

उजनीच्या काठच्या एका गावात आबासाहेब म्हणून केळीचे बागायतदार आहेत. पाण्याच्या मोटारीचे भाग आणायला सोलापूरला आले की ते आमच्या दुकानात टेकत. त्यांची मुलगी रेश्मा रसायनशास्त्र शिकून एम.एस्सी. झाली होती. पायल नावाच्या मैत्रिणीबरोबर खोली घेऊन ती सोलापुरातच राहायची आणि नोकरी शोधायची. शोधून शोधून वर्ष गेलं. शेवटी बाप-लेकीत एक बोली झाली. या उन्हाळ्यात नोकरी लागली तर लागली. नाहीतर माढ्याचं स्थळ आलं आहे, त्यांना होकार द्यायचा आणि पुन्हा नोकरीचं नाव काढायचं नाही. रेश्मानं तसा शब्द दिला होता.

स्थळ चांगलं होतं, उगीच कशाला नावं ठेवू. मुलगा इंद्रजीत माढ्याच्या एका शाळेत कारकून. त्याच्या आई बजाबाई घरची शेती बघायच्या. पोरीचा फोटो मोबाईलवर मागवला की गावभर फिरतो, म्हणून आमच्या मुलाच्या मेलवर पाठवा, असं बजाबाईंनीच कळवलं होतं. आबासाहेबांनी आमच्या दुकानातून आधी माहिती पाठवली, मग फोटो पाठवला, मग फोटो नीट उघडत नाही म्हणून परत पाठवला. ईरप्पांनी तो पत्ता 'माढा पाहुणे' म्हणून ठेवला होता. इतके मेल गेल्यावर ते नाव माझ्याकडे सगळ्यांत वर जाऊन बसलं.

त्याच सुमारास माढ्याला माती आणि पाणी तपासणारी एक नवी लॅब निघाली. तिथे रसायनशास्त्र शिकलेलं माणूस हवं होतं. रेश्मानं आमच्याच दुकानातून एकदा चौकशीचा मेल पाठवला होता, आणि ईरप्पांनी तो पत्ता त्यांच्या रिवाजाप्रमाणे 'माढा लॅब' म्हणून ठेवला होता. एकच मेल गेलेला, त्यामुळे हे नाव दुसऱ्या ओळीत.

अर्ज पाठवायच्या शेवटच्या दिवशी रेश्मा दुपारी बाराला दुकानात आली. आल्या आल्या तिनं प्रमाणपत्रांचा गठ्ठा गल्ल्यावर ठेवला. सगळे कागद मशीनवर स्कॅन करून, अर्जाला जोडून पाठवायचे होते.

"काका, पाच वाजेपर्यंत पोचला पाहिजे," ती म्हणाली. "आणि हा शेवटचा अर्ज हाय माझा. याच्यानंतर कुठं करणार नाही. आबांना शब्द दिलाय."

"पोचतो की. काळजी कशाला करतीस," ईरप्पा म्हणाले.

दुकानात त्या दिवशी परीक्षेचे अर्ज भरणाऱ्या मुलांची झुंबड होती. कुणी मागून ओरडत होतं, कुणी सुट्टे पैसे मागत होतं, पंखा नुसता गरम हवा ढकलत होता. पडद्याचं तोंड ईरप्पांकडे, रेश्मा गल्ल्याच्या पलीकडे. ईरप्पांनी कागद जोडले आणि रकान्यात 'माढा' लिहिलं. मी नेहमीप्रमाणे दोन नावं पुढे केली. वर पाहुणे, खाली लॅब. ईरप्पांनी मान वर करून एका मुलाला दम दिला, "लाईनीत थांब की रे," आणि तेवढ्यात बोट दाबलं. अर्ज गेला.

"गेला का काका?"

"गेला की."

रेश्माचा चेहरा हलका झाला. मित्रांनो, इतकी वर्षं मी या दुकानात आहे. 'गेला का' हे प्रत्येक जण विचारतो. कुणाकडे गेला, हे विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. ती पैसे देऊन गेली आणि मी आत बसून राहिले. लॅबच्या नोकरीचा अर्ज माढ्याच्या पाहुण्यांच्या घरी गेला आहे, हे त्या क्षणी फक्त मला ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं.

पुढे लोक म्हणाले की घोळ वहीनं घातला. मला ते अजिबात मान्य नाही. मी दोन्ही नावं दाखवली होती, स्वच्छ अक्षरात दाखवली होती. मी वाढपी आहे. ताटात काय घ्यायचं ते जेवणाऱ्यानं बघावं. पण त्या दुपारी माझं हे सगळं शहाणपण बाजूला राहिलं आणि मला त्या पोरीची फार काळजी वाटू लागली.

दुपारी गर्दी ओसरल्यावर ईरप्पा कागदाचे गठ्ठे आणायला बाजारात गेले आणि शांतम्मा गल्ल्यावर बसल्या. साडेतीनच्या सुमारास एक मेल येऊन पडला. तो माढ्याच्या इंद्रजीतचा होता. शांतम्मा तेव्हा एका बाईंच्या आधारकार्डाच्या प्रती काढत होत्या. मेल तसाच न उघडता पडून राहिला. चार वाजले, सव्वाचार झाले. एरवी मी किती पुढे पुढे करते, पण कुणी रकान्यात अक्षर लिहिल्याशिवाय मला काहीच करता येत नाही. इतकी अगतिक मी कधीच झाले नव्हते.

आणि मग आबासाहेब आले. मोटारीचं काम आटोपून, पिशवी खांद्याला लावून, टोपी हातात घेऊन. ते बाकावर बसले, पाणी प्यायले.

"वैनी, माढ्याच्या पाव्हण्यांना एक मेल टाकायचा हाय," ते म्हणाले. "पोरगी बघायला रविवारी या म्हणावं."

शांतम्मांनी मेल उघडला तर वरच इंद्रजीतचं उत्तर. "तुमच्या पाव्हण्यांचाच आलाय बघा," असं म्हणून त्या मोठ्यानं वाचू लागल्या. "नमस्कार. आपल्या दुकानातून आज रेश्मा यांचा नोकरीचा अर्ज आमच्याकडे आला आहे. तो लॅबसाठी असून चुकून आमच्याकडे आला असावा. अर्जावर आज सायंकाळी पाचची मुदत आहे. आई म्हणाली, पोरीचं नुकसान व्हायला नको, आधी कळव. आम्ही परस्पर लॅबला पाठवणं बरं दिसणार नाही, म्हणून आपल्याकडे परत पाठवत आहे. ही गोष्ट आम्ही कुणाला बोललेलो नाही."

वाचता वाचता शांतम्मांचा आवाज बारीक होत गेला. आबासाहेब बाकावरून उठून गल्ल्याला वळसा घालून शांतम्मांच्या शेजारी आले.

"म्हंजी रेश्माचा अर्ज पाव्हण्यांच्या घरात गेला?"

"गेलाय."

"आन लॅबला?"

"तिकडं न्हाय गेला."

आबासाहेबांनी हातातली टोपी गल्ल्यावर ठेवली. मग हळू म्हणाले, "काय म्हणत असतील ते लोक. बाप म्हणतोय बघायला या, आन पोरगी नोकरी मागत फिरतीया."

"ते मागनं बघा. पाच वाजायला आलेत," शांतम्मा म्हणाल्या.

"ऱ्हाऊ द्या वैनी. कदाचित नसंल तिच्या नशिबात."

शांतम्मांनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "नशिबाचं मला ठावं न्हाय, आबासाहेब. माज्या नवऱ्याच्या हातनं चुकलंय. तेवढं मी नीट करणार."

त्यांनी अर्ज पुन्हा पुढे पाठवायला घेतला. वाचून झाल्यावर काढलेला चष्मा घाईत गल्ल्यावरच राहिला होता. डोळे बारीक करून त्यांनी रकान्यात 'माढा' लिहिलं. आणि मित्रांनो, मी पुन्हा तेच केलं, कारण मला दुसरं काही येतच नाही. दुपारचा मेलही पाहुण्यांनाच गेला होता, म्हणून त्यांचं नाव वर घेतलं, त्याला रंग दिला. लॅब खाली. शांतम्मांची एक नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे होती आणि बोट मोठ्या बटणावर टेकलेलं होतं.

आबासाहेब त्यांच्या शेजारी उभे होते. त्यांचा चष्मा डोळ्यांवर होता आणि पडद्यावरची नावं ते सकाळच्या वर्तमानपत्राइतकी सहज वाचू शकत होते. दोन्ही नावं त्यांना दिसत होती. ते गप्प राहिले असते तर अर्ज पुन्हा माढ्याच्या पाहुण्यांकडे गेला असता. पाच वाजून गेले असते. रेश्मानं दिलेला शब्द पाळला असता, रविवारी पाहुणे आले असते, आणि आबासाहेबांना कुणी एका शब्दानं बोललं नसतं. सगळा दोष माझ्यावर आला असता. त्यांनी काही करायचीच गरज नव्हती. नुसतं उभं राहायचं होतं.

त्यांचा हात वर आला. केळीच्या चिकानं काळं पडलेलं बोट पडद्याच्या काचेवर टेकलं.

"त्ये न्हाय," ते म्हणाले. "त्याच्या खालचं."

"खालचं?"

"व्हय. लॅबचं. नीट बघून दाबा."

शांतम्मांनी बाणाचं बटण दाबलं. मी रंग एक ओळ खाली नेला. अर्ज लॅबच्या पत्त्यावर गेला. "आयतु," शांतम्मा त्यांच्या कन्नडमध्ये म्हणाल्या, झालं एकदाचं. पाचाला अजून थोडा अवकाश होता. आबासाहेब परत बाकावर जाऊन बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून कितीतरी वेळ जमिनीकडे बघत राहिले. शांतम्मांनी चहा मागवला. त्या माणसाचा मला त्या वेळी इतका अभिमान वाटला की माझ्या पोटातल्या सगळ्या नावांच्या वर मी त्यांना बसवलं असतं. पण त्यांचा मेलचा पत्ताच नव्हता.

रविवारी या, हा निरोप त्यांनी पाठवला नाही.

संध्याकाळी ईरप्पा परत आले आणि घडलेलं ऐकताच कागदाचे गठ्ठे खाली टाकून पडद्यापाशी आले. मग माझ्यावर घसरले. "हीच बया. नको ते नाव म्होरं करती."

"तिनं दोन दावली," शांतम्मा म्हणाल्या. "तुमी एक तरी वाचलं का?"

ईरप्पा पडदा पुसायला लागले. पण माणूस मनानं चांगला आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी लोखंडी गल्ला सरकवला आणि पडदा असा वळवला की समोरच्या गिऱ्हाइकालाही तो दिसावा. मेल पाठवण्याआधी ते नाव मोठ्यानं वाचू लागले आणि समोरच्यानं मान हलवल्याशिवाय बटण दाबेनासे झाले. सुरुवातीला लोक कुरकुरले, रांगा लांबल्या. पण लवकरच बाकावरची म्हातारी माणसंही पुढे वाकून आपलं नाव आणि पत्ता बघू लागली. माझ्याकडे इतकी माणसं लक्ष देऊन बघतात, हे मला नवीन होतं. मला ते आवडलं.

रेश्माला लॅबनं भेटीला बोलावलं आणि नोकरी दिली. आबासाहेबांनी माढ्याला मेल सांगितला, "पोरगी नोकरीला लागली. वरीसभर लग्नाचं बोलणार न्हाय. तुमाला थांबता आलं तर बघा, न्हाय तर राग मानू नका." बजाबाईंचं उत्तर आलं की इंद्रजीतचं यंदाच उरकायचं आहे, थांबता येणार नाही, पण पोरीला नोकरी लागली हे ऐकून बरं वाटलं. त्यांच्या मनात राग नव्हता. इंद्रजीतचं लग्न दुसरीकडे झालं, पत्रिका आमच्याच दुकानाच्या मेलवर आली, आणि आबासाहेब जाऊन पोटभर जेवून आले.

त्यानंतर माझे दिवस पालटले. ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्येच मेल आला आणि जो तो आपला मेल आपण पाठवू लागला. आमच्या दुकानात झेरॉक्सची गर्दी तशीच राहिली, पण "एक मेल टाका की" म्हणणारे कमी झाले. कधी कधी आठवडाभर माझ्याकडे कुणी एक अक्षर लिहीत नसे. संगणकही दमला होता, सुरू व्हायला चहा होईपर्यंत वेळ घ्यायचा. शेवटी नवा संगणक आणला. तो बसवायला महेश्वर नावाचा कारागीर आला. त्यानं मला उघडून वरपासून खालपर्यंत चाळलं.

"ईरप्पा, यातल्या निम्म्या लोकांना तुम्ही कधी लिहितच नाही," तो म्हणाला. "काही तर गेलेली पण असतील. सगळा कचरा साफ करतो."

ईरप्पा काही बोलायच्या आत शांतम्मा म्हणाल्या, "नावं हायत ती. कचरा कसला म्हणतोस?" ईरप्पांनी मान डोलावली आणि महेश्वरनं मला आहे तशी नव्या संगणकात नेऊन ठेवलं. आता मी नव्या घरात राहते. इथे उजेड जास्त आहे.

परवाच रेश्मा दुकानात आली होती. लॅबमध्ये तिला कायम केलं आहे. त्या कागदपत्रांसाठी तिला आपला पहिला अर्ज हवा होता, म्हणून ईरप्पांनी पाठवलेले जुने मेल उघडले. पडदा तिच्याकडे वळलेलाच होता. तिला त्या एकाच दिवशी गेलेले दोन मेल दिसले. एक दुपारचा, एक संध्याकाळचा.

"काका, हा दोनदा कसा गेला? आणि पहिला इंद्रजीतच्या पत्त्यावर का हाय?"

ईरप्पा डोकं खाजवू लागले. शांतम्मांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि तिला सगळं सांगितलं. इतके दिवस आबासाहेबांनी लेकीला यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं.

"दुसरा मी पाठवला," शांतम्मा शेवटी म्हणाल्या. "बोट तुज्या बापाचं हुतं."

रेश्मा बाकावर बसली. डोळे पुसले, मग पुन्हा पुसले. मग तिनं मोबाईल काढला आणि तिथूनच वडिलांना फोन लावला. पलीकडून मोटारीचा आवाज येत होता. त्यावर मात करायला आबासाहेब इतके मोठ्यानं बोलत होते की आम्हा सगळ्यांना ऐकू जात होतं.

"आबा, त्या दिवशी लॅबचं नाव तुमी दाखवलं व्हय?"

"कुणी सांगितलं?"

"शांताकाकूंनी."

"पत्ता चुकत हुता. दावला. त्यात काय एवढं."

"आणि तुमी गप बसला असता तर?"

"तर आज तुजा फोन उचलाया मला लाज वाटली असती," आबासाहेब म्हणाले. "बरं, केळीला पाणी सुटलंय. ठेव आता."

मित्रांनो, दोन अक्षरं दिसली की मी नावं पुढे करतच राहीन, माझं कामच ते आहे. पण मी पुढे केलेलं नाव पुरतं वाचा आणि त्याच्या खालची नावंही बघा. कुणाचा मेल वाट चुकून तुमच्या दारात आला तर बजाबाईंसारखा तो लगेच परत करा. आणि कधी दुसऱ्याच्या हातून चूक होताना दिसली, ती झाली तर फायदा तुमचाच होणार असला, तरी बोट उचला आणि सांगा, ते नाही, त्याच्या खालचं.